भुवयांना लावू नये

महिन्यातल्या एका रविवारी आमच्या कोथरूडच्या घरात आईचे केस रंगवण्याचा कार्यक्रम असतो. गळ्याभोवती जुना पंचा, फरशीवर कालचा पेपर, प्लास्टिकच्या वाटीत कालवलेला काळा डाय. मी ब्रश फिरवते, आई हातातल्या आरशात माझं काम तपासत बसते. शेवटी वाटीच्या तळाशी चमचाभर डाय उरतोच आणि तिचं ठरलेलं वाक्य येतं : "अगं, उरलाय तर भुवयांवरूनही एक हात फिरव. फेकायचा कशाला?" फेकणं तिच्या पिढीच्या हाताला जमत नाही. मी नाही म्हणते आणि खोक्यातला तो घडी घातलेला, पतंगाच्या कागदाइतका पातळ कागद तिच्यासमोर धरते. त्यावर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत छापलेलं असतं, की हा रंग पापण्यांना आणि भुवयांना लावू नये, लावल्यास अंधत्व येऊ शकतं.

ही सूचना कंपनीने आपल्या मनाने छापलेली नाही. केसांच्या डायवर ती इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत असली पाहिजे, असं आपल्याकडच्या सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांत लिहिलेलं आहे. पण नियम लिहिणाऱ्याला इतकं नेमकं सुचलं कसं? 'डोळ्यांची काळजी घ्या' असं मोघम लिहून भागलं असतं. पापण्या, भुवया आणि थेट अंधत्व, हे कुणाच्या तरी बाबतीत घडल्याशिवाय लिहिलं जात नाही.

घडलं होतं १९३३च्या सुमाराला, अमेरिकेत. 'लॅश लूर' नावाचा पापण्या-भुवयांचा रंग तिथल्या ब्यूटी पार्लरांत वापरला जाऊ लागला. त्यात पॅराफिनिलीनडायअमाइन होतं. जाणकार त्याला पीपीडी म्हणतात. हेच रसायन आजही जगभरच्या काळ्या डायमध्ये असतं. डझनभराहून अधिक स्त्रियांचे डोळे सुजले, पिकले, काहींची दृष्टी कायमची गेली, एक दगावली. आणि सरकारच्या हातात काहीच नव्हतं, कारण तिथला १९०६चा कायदा अन्न आणि औषधांपुरता होता. सौंदर्यप्रसाधनं त्यात बसतच नव्हती. तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने शेवटी अशा मालाचं एक प्रदर्शनच मांडलं. एका बाईचे पार्लरमध्ये जाण्याआधीचे डोळे आणि नंतरचे डोळे असे दोन फोटो त्यात शेजारीशेजारी लावले होते. १९३७ साली सल्फा औषधाच्या एका विषारी द्रावणाने शंभराहून अधिक माणसं मेली, तेव्हा कुठे १९३८चा नवा कायदा झाला आणि सौंदर्यप्रसाधनं त्याच्या कक्षेत आली.

कायदा झाला, पण एखादा पदार्थ डोळ्याला किती झोंबतो हे मोजायचं कशाने? तापाला थर्मामीटर आहे, दुधाला लॅक्टोमीटर आहे. डोळ्यांच्या आगीला काय आहे? १९४४ साली त्याच प्रशासनातले विषशास्त्रज्ञ जॉन ड्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं उत्तर छापलं. ते माप म्हणजे पांढरा ससा.

कृती सोपी होती. सशाची खालची पापणी अलगद पुढे ओढली की एक लहानशी पिशवी तयार होते. तिच्यात ०.१ मिलिलिटर द्रव, म्हणजे साधारण दोन थेंब, सोडायचं. पापण्या क्षणभर मिटून धरायच्या आणि सोडून द्यायच्या. दुसऱ्या डोळ्यात काही घालायचं नाही, तो तुलनेला. मग एका तासाने, एका दिवसाने, दोन दिवसांनी, तीन दिवसांनी डोळा बघायचा आणि गुण द्यायचे. आजच्या नियमांनुसार हे बघणं एकवीस दिवसांपर्यंत चालू शकतं, कारण झालेली इजा भरून येते की नाही, हाही परीक्षेचा भाग असतो.

गुण एकशे दहापैकी. डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, किती धुरकटला आणि किती भागात धुरकटला, याला तब्बल ऐंशी. बुबुळाला दहा. पापणीच्या आतल्या आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ त्वचेची लाली, सूज आणि स्राव मिळून वीस. शाळेत सवय असते त्याच्या उलटं, इथे शून्य मिळालेला पदार्थ पहिला येतो.

ससाच का? लोक म्हणतात गरीब प्राणी, चावत नाही, स्वस्त आहे, पटापट वाढतो. ते खरंच आहे. पण अभ्यासकाला हवी असलेली गोष्ट वेगळी होती. या सशाचं बुबुळ रंगहीन असतं. आतल्या रक्तवाहिन्यांमुळे ते गुलाबी दिसतं आणि जराशी लाली वाढली तरी नजरेत भरते. डोळा मोठा असतो, कडेला असतो, बघायला सोयीचा. या जातीला 'न्यूझीलंड व्हाइट' म्हणतात, जरी ती वाढवली गेली अमेरिकेत. आणि आणखी एक, जे पुस्तकात एवढं ठळक लिहिलेलं नसतं. ससा सहसा ओरडत नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. नव्वदच्या दशकात पुण्यात बी. फार्म. करताना आम्हाला 'सशाच्या डोळ्यावर औषधांचा परिणाम' असं एक प्रॅक्टिकल होतं. त्या काळी देशभरातल्या फार्मसी आणि मेडिकलच्या मुलांनी ते केलेलं आहे. प्राणिघरातले मामा लाकडी पेटी घेऊन यायचे. पेटीला पुढे गोल भोक, त्यातून सशाचं फक्त डोकं बाहेर. "कान धरून उचलायचं नाही हं, खालून हात घालायचा," हे ते प्रत्येक बॅचला सांगायचे आणि प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी कान धरायचंच. एका डोळ्यात अ‍ॅट्रोपिन, दुसऱ्यात नुसतं सलाइन. पट्टी धरून बाहुली किती मिलिमीटर मोठी झाली ते मोजायचं. टॉर्च मारून ती आकसते का बघायचं. मग लिग्नोकेन घालून कापसाची वात कॉर्नियाला टेकवायची. भूल चढली असेल तर पापणी मिटत नाही.

यातली औषधं माणसांच्या डोळ्यांत रोज घातली जातात; सशाला त्याने इजा होत नव्हती. तरी माझ्या लक्षात राहिला तो त्याच्या नाकाचा वेग. अंगाची हालचाल नाही, आवाज नाही, नुसतं नाक शिलाई मशीनच्या सुईसारखं वरखाली. माझ्या जर्नलमध्ये बाहुलीचं माप आहे, प्रकाशाला प्रतिसाद 'नाही' असं लिहिलेलं आहे. नाकासाठी रकाना नव्हता. आता हे प्रॅक्टिकल मुलं संगणकावर करतात. पुदुच्चेरीच्या जिपमरमधल्या डॉ. रवींद्रन यांनी तयार केलेल्या 'एक्सफार्म' या प्रोग्रॅममध्ये पडद्यावर सशाचा डोळा येतो, माउसने थेंब टाकायचा. दशकभरापूर्वी शिक्षणातले असे प्रयोग नियमांनीच आवरते घेतले गेले. सशाचं नाक पडद्यावर हलतं की नाही, ते मी पाहिलेलं नाही.

आता थेंब पडल्यावर डोळ्यात काय होतं, ते बघू. यासाठी सशाची गरज नाही, चुन्याची डबी पुरे.

पान-तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा प्लास्टिकची डबी लहान मुलं खेळायला घेतात, दाबतात, ती फुटते आणि चुना डोळ्यात उडतो. भारतातल्या नेत्रतज्ज्ञांना हा अपघात चांगला परिचयाचा आहे. ओला चुना तीव्र अल्कली आहे. आपल्याला वाटतं आम्ल जास्त वाईट. सिनेमांनी ती भीती घालून ठेवली आहे. डोळ्याच्या बाबतीत बहुतेक वेळा उलट असतं. आम्ल पडलं की वरच्या थरातली प्रथिनं अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठतात आणि तो गोठलेला थरच पुढे जाणाऱ्या आम्लाला काही प्रमाणात अडवतो. अल्कली मात्र पेशींच्या स्निग्ध आवरणाचा साबण करत करत आत उतरतो. साबण बनवणाऱ्याला कॉस्टिक सोडा जे करून देतो, तेच.

कॉर्निया जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. वर पाच-सात पेशींचा पातळ थर. तो खरवडला गेला तरी काही दिवसांत भरून येतो. म्हणून शाम्पू गेला की डोळे चुरचुरतात, लाल होतात आणि दोन दिवसांनी आपण विसरून जातो. त्याखाली जाड मधला भाग, कॉर्नियाच्या जाडीचा सुमारे नव्वद टक्के. त्यात कोलॅजनचे तंतू इतक्या शिस्तीत लावलेले असतात की प्रकाश आरपार जातो. ही शिस्त मोडली की व्रण धुरकट राहतो. आपल्याकडे जुन्या बायका त्याला 'डोळ्यात फूल पडलं' म्हणतात. इतक्या वाईट गोष्टीला इतका सुंदर शब्द मराठीत दुसरा नसेल. सर्वांत आत पेशींचा एकच पदर असतो. कॉर्नियातलं जादा पाणी बाहेर उपसत राहण्याचं काम त्याच्याकडे आहे आणि माणसात तो पुन्हा वाढत नाही. म्हणजे रसायन कोणतं यापेक्षा ते पहिल्या काही मिनिटांत किती खोल गेलं, यावर बहुतेक सगळं ठरतं. चुना, फिनेल, बॅटरीतलं पाणी, काहीही गेलं तरी डोळा चोळू नये. नळाखाली धरून निदान पंधरा-वीस मिनिटं धूत राहावं आणि मग डॉक्टरकडे जावं. घरातले लोक आधी रिक्षा शोधतात, हे चुकतं.

आता सशाकडे परत. त्याचा कॉर्निया आपल्यापेक्षा पातळ असतो. डोळ्यात पाणी कमी येतं. आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो, ससा काही मिनिटांतून एकदा. म्हणजे पडलेलं रसायन आपण धुऊन काढतो, त्याच्या डोळ्यात ते बसून राहतं. त्याला नाकाच्या बाजूने सरकणारी तिसरी पापणी असते, ती आपल्याला नाही. आणि तो सर्वांत आतला पेशींचा पदर, जो माणसात एकदा गेला की गेला, तो सशात पुन्हा वाढू शकतो. म्हणजे काही बाबतींत सशाचा डोळा आपल्याहून नाजूक, काही बाबतींत चिवट. सुरक्षिततेच्या बाजूने चूक होते, असं या चाचणीचे पाठीराखे म्हणत. ते अर्धंच खरं आहे.

दुसरा घोळ बघणाऱ्याच्या डोळ्यांचा. धुरकटपणा 'दोन' की 'तीन', हे कुठल्या मापाने ठरवायचं? १९७१ साली वाइल आणि स्काला या दोघांनी तेच पदार्थ दोन डझनांच्या आसपास प्रयोगशाळांना वाटले आणि निकाल मागवले. काहींनी ज्याला जहाल ठरवलं, त्याला इतरांनी जवळपास सोडून दिलं होतं. २०१६ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या ल्युश्टेफेल्ड, हार्टुंग आणि सहकाऱ्यांनी युरोपात नोंदवलेल्या रसायनांची हजारो जुनी चाचणीपत्रं संगणकाला चाळायला लावली. एकदा 'डोळ्याला गंभीर इजा' असा शिक्का बसलेलं रसायन पुन्हा सशात तपासलं तर तोच शिक्का बसण्याची शक्यता त्यांना सुमारे ७३ टक्के आढळली. आणि साधारण दहात एकदा तेच रसायन दुसऱ्या खेपेला निरुपद्रवी ठरलं होतं. लॅक्टोमीटरने असे आकडे दाखवले असते तर दूधवाल्याने तो फेकून दिला असता.

लॅश लूरच्या गोष्टीत एक कडवट गंमत आहे. त्या स्त्रियांच्या डोळ्यांची जी दुर्दशा झाली, तिच्यात पीपीडीच्या अ‍ॅलर्जीचा वाटा मोठा होता. अ‍ॅलर्जी पहिल्या भेटीत सहसा दिसत नाही. शरीराने आधी त्या पदार्थाची ओळख करून घ्यावी लागते. एकदाच टाकलेल्या थेंबाची चाचणी ती पकडायला बनलेलीच नाही. ज्या अपघातांच्या धसक्यातून डोळ्यांची ही परीक्षा जन्मली, ते अपघात त्या परीक्षेत पकडले गेले असते याची खात्री नव्हती. डायच्या कागदावर म्हणूनच दुसरी सूचना असते : थोडा रंग कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा, खाज आली तर वापरू नका. इथे ससा आपणच. आई ती सूचनाही पाळत नाही, ते सोडा.

चाचणी बदलली ती शास्त्रज्ञांच्या शंकांमुळे कमी आणि बोंब मारल्यामुळे जास्त, असं माझं मत आहे. हेन्री स्पायरा या शिक्षकाने १९८० साली 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये पानभर जाहिरात दिली आणि एका बड्या सौंदर्यप्रसाधन कंपनीला जाहीर विचारलं, की सौंदर्यापायी तुम्ही किती ससे आंधळे करता? कंपनीने रॉकफेलर विद्यापीठाला साडेसात लाख डॉलर दिले, पर्याय शोधायला. रसेल आणि बर्च या दोन इंग्रज संशोधकांनी प्राण्यांची संख्या कमी करा, यातना कमी करा, जमेल तिथे प्राणी वगळाच, हे १९५९मध्येच लिहून ठेवलं होतं. वीस वर्षं ते कपाटात होतं.

नियमांच्या मजकुरात हा बदल वाचता येतो. पूर्वी एका पदार्थाला सहा-सहा ससे लागत. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ४०५ क्रमांकाची मार्गदर्शिका १९८१ची. तिच्या आजच्या रूपात आधी जुनी माहिती शोधा, पीएच बघा, संगणकावर अंदाज घ्या, जिवंत प्राण्याशिवायच्या चाचण्या करा, असा जिनाच आहे. पीएच दोन किंवा त्याखाली अथवा साडेअकरा किंवा त्यावर असेल तर बहुधा तिथेच थांबायचं; जाळणार हे उघड आहे, त्यासाठी डोळा कशाला? शेवटच्या पायरीवर एकच ससा, आणि त्याचा निकाल बघून गरज पडली तरच आणखी दोनपर्यंत. २०१२च्या दुरुस्तीपासून थेंब टाकण्याआधी तासभर वेदनाशामक आणि पाच मिनिटं आधी डोळ्यात भूल देणं हा नेहमीचा भाग झाला. पहिली मार्गदर्शिका आणि ही दुरुस्ती यांच्यात एकतीस वर्षं गेली. 'ससेहोलपट' हा शब्द मराठीने कुठून उचलला, ते कळायला वेगळ्या कोशाची गरज नाही.

आता पुण्यात काय चालतं ते पाहू. २०१४ साली भारताने सौंदर्यप्रसाधनांच्या प्राणिचाचण्या बंद केल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून प्राण्यांवर तपासलेल्या प्रसाधनांची आयातही. बाटलीवर सशाचं चित्र छापून 'क्रुएल्टी फ्री' म्हणणाऱ्या देशी कंपन्या त्यामुळे कायदा पाळण्याचीच जाहिरात करत असतात, हे ग्राहकाच्या सहसा लक्षात येत नाही. पण हा कायदा रसायनाला लागू नाही, वापराला आहे. तोच फेस आणणारा घटक शाम्पूत गेला तर प्रसाधन, फरशी पुसायच्या द्रवात गेला तर नाही. कीटकनाशकाची नोंदणी फरीदाबादच्या केंद्रीय मंडळाकडे होते आणि तिथे डोळा आणि श्लेष्मल त्वचेला ते किती झोंबतं, याची माहिती परंपरेने सशावरचीच मागितली जाते.

सोलापूर रस्त्याने दौंड तालुक्यात कुरकुंभला गेलात तर एमआयडीसीत निळी पिंपं रचलेली दिसतील. परदेशी निघालेल्या पिंपावर लाल चौकटीतलं चित्र असतं : नुसतं उद्गारचिन्ह असेल तर आग होईल पण भरून येईल अशा जातीची इजा, हातावर आणि धातूवर ओघळणारं द्रव असेल तर कायमची. पिंपाबरोबर सोळा कलमांचं सुरक्षापत्रक जातं. त्याच्या चौथ्या कलमात डोळ्यांत गेल्यास काय करावं, अकराव्यात हे कशावरून सांगता. त्या अकराव्या कलमात काही लिहिता यावं म्हणून चाचणी लागते, आणि पुणे परिसरात औषधं, कीटकनाशकं, रसायनं यांच्या सुरक्षितता-चाचण्या करून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. मुळशी तालुक्यात उरवड्याची इनटॉक्स ही त्यांपैकी एक. भारत २०११ पासून ओईसीडीच्या परस्पर-मान्यतेच्या करारात पूर्णपणे सामील आहे. याचा अर्थ, नियम पाळून पुण्यात झालेली चाचणी पॅरिसमध्ये किंवा टोकियोत पुन्हा करावी लागत नाही. प्राण्यांच्या बाजूने बोलणारे या कराराचं नाव फारसं घेत नाहीत, पण दर देशाने आपापला ससा आणण्याची पद्धत त्यानेच मोडली.

प्रयोगाला परवानगी देणारी समिती प्रत्येक संस्थेत असते. १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची एक समिती आहे, आणि तिच्या १९९८च्या नियमांनी घालून दिलेल्या रचनेत संस्थेच्या समितीवर पशुवैद्य असतो, बाहेरचा शास्त्रज्ञ असतो, केंद्रीय समितीचा प्रतिनिधी असतो आणि विज्ञानाशी संबंध नसलेला एक सामाजिक भान असलेला माणूसही असतो. 'बी' फॉर्म भरून किती प्राणी, कशासाठी, पर्याय का चालणार नाही, हे लिहून द्यावं लागतं. मला या सगळ्यांत त्या विज्ञानाशी संबंध नसलेल्या माणसाची खुर्ची सर्वांत महत्त्वाची वाटते. बाकीचे किती ससे हे विचारतात. ससा मुळात हवाच का, हे विचारायला त्याला लाज वाटत नाही.

मग पर्याय कुठले? एक तर मटणाच्या दुकानातला. पुण्यातल्या फार्मसीच्या विद्यार्थ्यांना विचारा. सकाळी सहाला थर्मासमध्ये गार सलाइन आणि बर्फ घेऊन खाटकाकडे उभं राहायचं आणि बकऱ्याचे ताजे डोळे मागायचे. पहिल्या दिवशी तो वेड्यासारखा बघतो, आठवड्याने बाजूला काढून ठेवतो. डोळ्यातून कॉर्निया कापून दोन काचपात्रांच्या मध्ये बसवतात आणि औषध किती आत झिरपतं ते मोजतात. डोळ्याच्या दाहाची अधिकृत चाचणी याच जातीची आहे, पण ती बेतली गेली गाईगुरांच्या डोळ्यांवर, युरोप-अमेरिकेतल्या कत्तलखान्यांत मिळणाऱ्या. २००९ साली ओईसीडीने तिला ४३७ क्रमांक दिला. कॉर्निया बत्तीस अंशांवर ठेवतात, सदतीसवर नाही, कारण डोळ्याचा पृष्ठभाग शरीराहून थंड असतो. रसायन दहा मिनिटं, धुवायचं, मग प्रकाश किती अडतो ते यंत्राने मोजायचं आणि हिरवा चमकणारा फ्लुओरेसिन रंग आरपार किती गळतो तेही. दोन्ही मिळून येणारा आकडा तीनपर्यंत असला तर सोडून द्या, पंचावन्नच्या वर गेला तर गंभीर इजा. इथे 'दोन की तीन' हा वाद नाही, आकडा यंत्र देतं. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैलाच्याही कत्तलीला बंदी आहे. त्यामुळे युरोपात कत्तलखान्यातून सहज मिळणारा हा कच्चा माल आपल्याकडे सरळ मिळत नाही. कोंबडीच्या डोळ्याची चाचणीही २००९ सालीच मान्य झाली, आणि कोंबडीला पुण्यात तोटा नाही.

माझी आवडती चाचणी मात्र अंड्याची. उबवणीच्या अंड्यांचा मोठा व्यवसाय ज्या शहराच्या आसपास उभा राहिला, त्या शहरात ती शोभतेही. फलित अंडं नऊ दिवस उबवतात. उजेडासमोर धरून हवेची पोकळी कुठे आहे त्यावर पेन्सिलीने गोल काढायचा, तेवढं टरफल कापायचं, आतली पांढरी पापुद्री सलाइनने भिजवून चिमट्याने अलगद सोलायची. खाली दिसतो नदीच्या नकाशासारखा लालभडक रक्तवाहिन्यांचा पडदा. पिल्लाची मज्जासंस्था तोवर वेदना जाणण्याइतकी झालेली नसते, असं मानतात. ०.३ मिलिलिटर रसायन टाकायचं आणि घड्याळ लावून तीनशे सेकंद बघत राहायचं. रक्त फुटलं का, वाहिन्या विरघळून दिसेनाशा झाल्या का, गोठल्या का, आणि कितव्या सेकंदाला. कॉस्टिक सोड्याचा पातळ थेंब टाकला की काही सेकंदांत नकाशा पुसला जातो. जपानी चहा समारंभाइतकं एकाग्र होऊन लोक ते बघत बसतात.

त्याहून पुढची पायरी पेशींची. गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. १९८६ साली ते प्राण्यांच्या पेशी वाढवून पुरवणारी राष्ट्रीय सुविधा म्हणून सुरू झालं. देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी इथून जातात. द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत, उणे एकशे शहाण्णव अंशांच्या आसपास, बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांत लाखो पेशी झोपलेल्या असतात. सशाच्या कॉर्नियापासून वाढवलेली 'एसआयआरसी' नावाची एक पेशीमाला जगभर आहे. तिच्यावर पाच मिनिटं रसायन टाकून किती पेशी जगल्या ते बघायची चाचणी २०१५ साली मान्य झाली. कधीकाळी एका सशाच्या डोळ्यातून घेतलेल्या पेशी अजून वाढत आहेत. त्याच वर्षी मान्य झालेली दुसरी चाचणी माणसाच्या पेशींची, पण डोळ्याच्या नव्हे. त्वचेच्या पेशी थरावर थर वाढवून कॉर्नियासारखा पडदा तयार करतात, रसायन लावतात, मग पिवळं द्रावण घालतात. जिवंत पेशी त्याला जांभळं करतात. साठ टक्क्यांहून अधिक जांभळं उरलं तर पदार्थ निर्धोक. हे तयार पडदे परदेशातून येतात, काही दिवसांतच वापरावे लागतात. विमान रखडलं किंवा कस्टममध्ये खोकं अडकलं तर महागडा पडदा वाटेतच मरतो. ससा मात्र गावात मिळतो. पर्याय मागे पडण्याचं कारण बऱ्याचदा क्रौर्य नसतं, मालवाहतूक असते.

खरी अडचण मधल्या रसायनांची. नक्की जाळतं आणि नक्की काही करत नाही, ही दोन टोकं या चाचण्या छान ओळखतात. डोळा लाल होईल, सुजेल आणि आठवड्या-दोन आठवड्यांत पूर्ववत होईल, असं सांगायचं तर भरून येणारा डोळा समोर लागतो, आणि बकऱ्याचा कापलेला कॉर्निया भरून येत नाही. म्हणून कित्येक वर्षं शेवटचा ससा या मधल्या खणात अडकून राहिला. २०२२ साली ओईसीडीने ४६७ क्रमांकाची मार्गदर्शिका काढली. तिच्यात दोन-तीन चाचण्यांचे निकाल आणि रसायनाचे गुणधर्म ठरलेल्या क्रमाने जोडून, ठरावीक जातीच्या द्रवांपुरतं का होईना, हा मधला खणही सशाशिवाय भरता येतो. पुढच्याच वर्षी भारताने नव्या औषधांचे नियम बदलून प्राण्यांखेरीजच्या पद्धतींचा उल्लेख त्यांत घातला.

यातलं बरंचसं मी आईला ब्रश फिरवता फिरवता सांगितलं. अंड्याचं तिला आवडलं. मग तिने विचारलं, "आणि तुमच्या कॉलेजातल्या त्या सशाचं पुढे काय झालं?" मी सांगितलं, की तो पुढच्या बॅचला असायचा, मग त्यापुढच्या, आम्ही त्याच्या कानावर बॉलपेनने नंबर काढायचो. ती थोडा वेळ काही बोलली नाही. वाटीत चमचाभर उरला होता. तो मी त्याच पातळ कागदात पुसून घेतला आणि कचऱ्यात टाकला. भुवया अजून पांढऱ्याच आहेत.